रीपरमधला लेआउट दर वेळी विस्कटतो? आधी बघा तो सेव्ह कुठे होतोय

रात्री बसून रीपरमध्ये (आवाज रेकॉर्ड, एडिट आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) सगळं छान लावलेलं असतं, मिक्सर दुसऱ्या मॉनिटरवर, मीडिया एक्स्प्लोरर डावीकडे चिकटवलेला, रूटिंग मॅट्रिक्स आणि रीजन मॅनेजर खाली टॅबमध्ये, आणि सकाळी उघडलं की मिक्सर मधोमध तरंगतोय, एक्स्प्लोरर गायब आणि ट्रॅकच्या उंच्या भलत्याच. परत लावलं की दोन-चार दिवस ठीक चालतं मग पुन्हा तेच. ही तक्रार रीपर वापरणाऱ्यांकडून सतत येते आणि त्यावर पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे अनइन्स्टॉल करून परत टाका. त्याने काही होत नाही. नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये रीपरची सेटिंग्ज प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतातच, ती वेगळ्या रिसोर्स फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे प्रोग्राम काढला आणि परत टाकला तरी तो जुनीच सेटिंग्ज उचलतो आणि तुमचा अर्धा तास जातो.

मुळात आपण ज्याला एकच लेआउट म्हणतो तो रीपरच्या दृष्टीने एक नाहीच. खिडक्या कुठे आहेत, कुठल्या डॉकरमध्ये (खिडक्या टॅबसारख्या चिकटवायची जागा) आहेत हे एका जागी राहतं, ट्रॅक किती उंच आणि झूम किती हे दुसरीकडे, प्लगइनच्या (इक्वलायझरसारख्या इफेक्टच्या) खिडक्या तिसरीकडे, आणि ट्रॅक पॅनेल दिसतं कसं हे थीमकडे. यातलं नेमकं काय विस्कटतंय ते न बघता सगळं एकाच बटणाने सेव्ह होईल असं धरून चाललं की गोंधळ ठरलेला. म्हणून आधी दोन मिनिटं थांबून बघा की उघडल्यावर काय बदललेलं असतं. फक्त खिडक्यांच्या जागा? का ट्रॅकचा पसारा? का सगळं कोरं, शॉर्टकट आणि टूलबारसकट? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

खिडक्यांपासून सुरू करू कारण बहुतेकांचं दुखणं तेच असतं. व्ह्यू मेनूत स्क्रीनसेट्स/लेआउट्स नावाची खिडकी आहे ती उघडा, त्यात विंडोज म्हणजे खिडक्यांचा टॅब आहे, पहिल्या ओळीवर जाऊन सेव्ह करा आणि नाव द्या, मिक्स, एडिट, रेकॉर्डिंग असं काहीही. अशा सेव्ह केलेल्या मांडणीला स्क्रीनसेट किंवा विंडो सेट म्हणतात. सेव्ह करताना तो विचारतो की यात काय काय धरायचं, मेन विंडोची जागा, टूल विंडोजच्या जागा, डॉकरमधला निवडलेला टॅब, मिक्सरची सेटिंग्ज वगैरे, आणि इथेच बरेच जण न वाचता ओके दाबतात. टूल विंडोजची टिक नसेल तर सेट लोड केल्यावर मेन विंडो जागेवर येईल पण मिक्सर ढिम्म हलणार नाही, आणि मग माणूस म्हणतो स्क्रीनसेट चालतच नाही. उलट बाजूने, मेन विंडोची जागा नको असेल तर ती टिक काढून टाका, म्हणजे नुसता मिक्सर आणि बाकीच्या खिडक्या बदलतील आणि मुख्य खिडकी आहे तिथेच राहील. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना हे जास्त सोयीचं पडतं.

हे विंडो सेट प्रोजेक्टमध्ये सेव्ह होत नाहीत, रिसोर्स फोल्डरमध्ये रीपर-स्क्रीनसेट्स नावाची आयएनआय फाइल (सेटिंग्ज लिहिलेली फाइल) असते तिच्यात जातात, म्हणजे कुठलंही प्रोजेक्ट उघडा, तेच सेट मिळतात. काहीजण लेआउट लावतात, कंट्रोल एस दाबतात आणि समजतात झालं. कंट्रोल एस ने प्रोजेक्ट सेव्ह झालं. विंडो सेट तुम्ही स्वतः सेव्ह केल्याशिवाय होत नाही.

आता शॉर्टकट. डीफॉल्टला एफ७, एफ८, एफ९ ने पहिले तीन विंडो सेट लोड होतात आणि शिफ्ट धरून त्याच की दाबल्या की सेव्ह होतात. ऐकायला सोपं, पण यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या की आवाज, ब्राइटनेस, प्ले-पॉज यासाठी असतात, एफ७ दाबलं की रीपरपर्यंत काही पोहोचतच नाही, आणि शिफ्ट एफ७ करून आपण सेव्ह केलं असं वाटत राहतं. एफएन धरून दाबा किंवा एफएन लॉक चालू करा, मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एफ१, एफ२ वगैरे की नेहमीच्या फंक्शन की म्हणून वापरा असा पर्याय आहे तो लावा. की पोहोचतेय का हे तपासायचं तर अ‍ॅक्शन लिस्ट (रीपरच्या सगळ्या कमांडची यादी) उघडून त्यात शॉर्टकटने शोधायचं बटण दाबा आणि मग ती की दाबून बघा, रीपरला ती दिसली तर तिला लावलेली अ‍ॅक्शन समोर येते.

दुसरा खड्डा जास्त वाईट. लोड आणि सेव्ह यात फक्त एका शिफ्टचं अंतर आहे, आणि एडिट करताना बोट शिफ्टवर असतंच की, त्यात एफ७ दाबलं गेलं तर तुमच्या चांगल्या सेटवर आत्ताचा पसारा सेव्ह होतो. कुठलीही सूचना नाही, काही नाही. पुढच्या वेळी लोड केलं की पसारा हजर. माझं स्पष्ट मत आहे की सेव्हचे हे शॉर्टकट अ‍ॅक्शन लिस्टमध्ये जाऊन काढूनच टाकावेत, सेव्ह करायची वेळ रोज येत नाही, येईल तेव्हा खिडकी उघडून करायचं. लोडचे ठेवा, किंवा टूलबारवर तीन बटणं करून घ्या.

आणि अजून एक गोष्ट तिथेच लपलेली आहे. त्या स्क्रीनसेट्सच्या खिडकीत ऑप्शन्समध्ये सेट बदलताना आधीचा आपोआप सेव्ह करायचा असा एक पर्याय आहे, ऑटो सेव्ह. तो चालू असेल तर तुम्ही मिक्स सेटमध्ये असताना मिक्सर जरा सरकवला, दोन खिडक्या बंद केल्या आणि मग एडिट सेटवर गेलात की मिक्स सेट आता तसाच सरकलेला राहणार. काहींना हे आवडतं, म्हणजे जसं सोडलं तसं परत मिळतं. पण ज्यांची तक्रार हळूहळू बिघडत जातो, नेमकं कधी ते कळत नाही अशी असते त्यांच्याकडे नव्वद टक्के वेळा हाच पर्याय चालू सापडतो, नव्वद हा आकडा अंदाजपंचे हं, मोजलेला नाही. बंद करा, सेट एकदा नीट लावून परत सेव्ह करा.

ट्रॅकचा पसारा म्हणजे उंची, झूम, स्क्रोल, कुठला ट्रॅक दिसतो कुठला लपवलाय, हे सगळं प्रोजेक्टबरोबर राहतं. स्क्रीनसेट्सच्याच खिडकीत ट्रॅक व्ह्यूजचा वेगळा टॅब आहे, त्याचे शॉर्टकट एफ४ ते एफ६, पण ते सेट त्या त्या प्रोजेक्टपुरतेच. भजनाच्या प्रोजेक्टमध्ये पखवाज, टाळ, पेटी, कोरस असे पंचवीस ट्रॅक लावून व्ह्यू केलात तर तो उद्याच्या पॉडकास्टच्या प्रोजेक्टमध्ये दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे, तिथे ते ट्रॅकच नाहीत. दर वेळी नव्याने लावायचा कंटाळा असेल तर ट्रॅक, उंची, रंग, रूटिंग सगळं लावून फाइल मेनूतून प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, आणि प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या पानावर नवीन प्रोजेक्टसाठी ही फाइल वापर असं सांगायची जागा आहे तिथे ती द्या. म्हणजे ट्रॅक टेम्प्लेटमधून आणि खिडक्या विंडो सेटमधून, दोन्ही मिळून तुमचा लेआउट.

प्लगइनच्या खिडक्यांबद्दल तर हमखास गैरसमज असतो. एफएक्स चेनची (ट्रॅकवर लावलेल्या प्लगइनच्या यादीची) खिडकी आणि तरंगते प्लगइन कुठे आहेत, उघडे आहेत का बंद, हे प्रोजेक्टच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. प्रोजेक्टची ती आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, साधा मजकूर आहे, प्रत्येक ट्रॅकच्या एफएक्सखाली खिडकीच्या जागेचे आकडे दिसतात. त्यामुळे स्टुडिओतल्या मोठ्या मॉनिटरवर सेव्ह केलेलं प्रोजेक्ट घरी छोट्या लॅपटॉपवर उघडलं की इक्वलायझर कुठेतरी कोपऱ्यात अर्धा कापलेला येतो. विंडो सेटकडून ते दुरुस्त व्हायची अपेक्षा ठेवू नका. प्रोजेक्ट दुसऱ्याकडे द्यायच्या आधी सगळ्या एफएक्स खिडक्या बंद करून सेव्ह करायची सवय लावली तर समोरचा आशीर्वाद देतो.

आता मॉनिटर. दोन स्क्रीनवाल्यांचा त्रास वेगळाच. विंडो सेट म्हणजे शेवटी आकडे, ही खिडकी अमुक पिक्सेलपासून सुरू होते एवढंच. दुसरा मॉनिटर काढला की ते आकडे हवेत. रीपर किंवा विंडोज त्या खिडक्या पहिल्या स्क्रीनवर ढकलतात, आणि मग तुम्ही रीपर बंद केलं की ती नवी जागा शेवटची जागा म्हणून लिहिली जाते, मॉनिटर परत लावल्यावर खिडक्या आपोआप परत जात नाहीत. त्यात डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर मॉनिटर नुसता बटणाने बंद केला तरी विंडोजला बऱ्याचदा तो काढूनच टाकल्यासारखा वाटतो, म्हणजे चहाला जाताना मॉनिटर बंद केलात तरी लेआउट हलतो. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेव असा एक पर्याय आहे, तो चालू ठेवा. मॅकवर डेस्कटॉप अँड डॉकमध्ये मिशन कंट्रोलखाली प्रत्येक डिस्प्लेला वेगळी स्पेस असं आहे, ते चालू-बंद केल्यावर लॉग आउट करावं लागतं आणि खिडक्या कुठे उघडतात त्यावर त्याचा परिणाम होतो, म्हणून एकदा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका.

पण खरा उपाय सरळ आहे, दोन वेगळे विंडो सेट. एक दोन मॉनिटरचा, एक नुसत्या लॅपटॉपचा. नावंही तशीच द्या. मॉनिटर लावला की एक बटण, काढला की दुसरं, आणि ऑटो सेव्ह बंद. स्क्रीनचं स्केलिंग पण बघा, लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि मॉनिटर १०० वर असेल तर खिडक्यांचे आकार जाता-येता बदलतात, प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली अ‍ॅडव्हान्स्ड यूआय ट्वीक्सच्या बटणात हायडीपीआय मोड आहे तो बदलून बघता येतो, बदलल्यावर रीपर बंद करून उघडायचं आणि सेट परत सेव्ह करायचे कारण जुने आकडे जुन्या स्केलचे असतात.

एखादी खिडकी मेनूत टिक दिसतेय पण स्क्रीनवर कुठेच नाही असं झालं तर ती बहुधा त्या नसलेल्या मॉनिटरवर आहे. विंडोजवर त्या खिडकीवर फोकस आणून विंडोज की, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण, किंवा जुनी युक्ती, आल्ट स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा दाबून माउस हलवा, खिडकी माउसला चिकटून येते. डॉकरमध्ये असेल तर आल्ट डी दाबून डॉकरच बंद नाही ना ते आधी बघा, निम्म्या हरवलेल्या खिडक्या तिथेच असतात.

आता तो प्रकार जिथे सगळंच कोरं होतं, टूलबार, शॉर्टकट, सेट, काही म्हणजे काही नाही. इथे माझा पहिला संशय दोन रीपरवर असतो. इन्स्टॉल करताना पोर्टेबल इन्स्टॉलचा पर्याय असतो, त्यात सगळी सेटिंग्ज त्याच फोल्डरमध्ये राहतात, प्रोग्रामच्या शेजारी रीपर डॉट आयएनआय फाइल असली की रीपर तीच वापरतो. कुणीतरी कधीतरी पेन ड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर पोर्टेबल टाकलेलं असतं, नेहमीचंही टाकलेलं असतं, टास्कबारवरचा आयकॉन एकाचा आणि प्रोजेक्टवर डबल क्लिक केलं की उघडतो दुसरा. मग लेआउट कधी असतो कधी नसतो आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. तपासायला सोपं आहे, ऑप्शन्स मेनूत शेवटाकडे शो रीपर रिसोर्स पाथ आहे, दोन्ही पद्धतीने उघडून दोन्ही वेळा हे दाबा. फोल्डर वेगळे उघडले तर चोर सापडला. नेहमीच्या इन्स्टॉलचं फोल्डर विंडोजवर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये रीपर नावाने असतं, मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये.

फोल्डर एकच निघालं तरी सेटिंग टिकत नसतील तर रीपरला तिथे लिहिता येत नाहीये का बघा. विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू असेल आणि पोर्टेबल रीपर डॉक्युमेंट्समध्ये असेल तर लिहायला अडवलं जाऊ शकतं. फाइल रीड-ओन्ली असली तरी तेच, जुन्या कॉम्प्युटरवरून कॉपी करून आणलेल्या फाइलींमध्ये हे होतं, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा.

आणि लाईट. हसू नका, आपल्याकडे हे खरं कारण आहे. खिडक्यांच्या शेवटच्या जागा आणि बरीचशी सेटिंग्ज रीपर नीट बंद होताना लिहितो, डेस्कटॉप पीसीवर काम करताना लाईट गेली किंवा एखाद्या प्लगइनने सगळं क्रॅश केलं की त्या बैठकीत केलेले बदल लिहिलेच जात नाहीत आणि पुढच्या वेळी त्याच्या आधीचं दिसतं. ऑटोसेव्हने प्रोजेक्ट वाचतं, लेआउट वाचेलच असं नाही. म्हणून लेआउट, टूलबार, शॉर्टकट असं काही मोठं लावलं की लगेच एकदा रीपर बंद करून उघडायचं, प्रोजेक्ट उघडं ठेवून तीन तास काम केल्यावर नाही. त्याच कारणाने रीपर चालू असताना आयएनआय फाइल हाताने बदलू नका, बंद करताना तो स्वतःचं वर लिहितो आणि तुमचा बदल जातो.

थीम बदलल्यावर ट्रॅक पॅनेल आणि मिक्सरच्या पट्ट्या वेगळ्या दिसायला लागल्या तर तो लेआउट्सच्या टॅबचा मामला आहे. ते लेआउट थीमसोबत येतात, एका थीममधलं नाव दुसऱ्या थीममध्ये नसेल तर डीफॉल्ट दिसतं. जुनी थीम परत लावा, येईल.

उघडल्या उघडल्या ठरावीक सेट लागायला हवा असेल तर एसडब्ल्यूएस एक्स्टेन्शन (रीपरला जास्तीच्या सोयी देणारी जोडणी) टाका, फुकट आहे आणि तसंही सगळ्यांनी टाकावं असं आहे. अ‍ॅक्शन लिस्टमध्ये लोड विंडो सेट एक शोधा, राइट क्लिक करून कमांड आयडी कॉपी करा, मग एक्स्टेन्शन्स मेनूत स्टार्टअप अ‍ॅक्शन्समध्ये ग्लोबल स्टार्टअप अ‍ॅक्शन म्हणून तो आयडी चिकटवा. तिथेच प्रोजेक्टपुरती स्टार्टअप अ‍ॅक्शन पण लावता येते, म्हणजे डबिंगचं प्रोजेक्ट उघडलं की व्हिडिओच्या खिडकीचा सेट आणि गाण्याचं उघडलं की मिक्सचा. हे एकदा केलं की खिडक्या कुणी कितीही हलवल्या तरी पुढच्या वेळी जागेवर.

बॅकअप घ्यायचा तर प्रेफरन्सेसमध्ये जनरलच्या पानावर एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन आहे, त्यातून एक झिपसारखी फाइल बनते, नवीन मशीनवर इम्पोर्ट करायची. किंवा सरळ रिसोर्स फोल्डर कॉपी करून ठेवा, त्यात रीपर-स्क्रीनसेट्स ही खिडक्यांची, रीपर-केबी शॉर्टकटची आणि रीपर-मेनू ही मेनू-टूलबारची. फक्त सेट हवे असतील तर रीपर बंद असताना ती पहिली एकच फाइल जागेवर टाकली तरी चालतं.

रीपर न वापरता अशीच दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण प्रश्न तोच असला तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लॉजिकमध्ये तर उलट आहे, तिथे स्क्रीनसेट आपोआप सेव्ह होत राहतो, तुम्ही १ ची की दाबून काहीही हलवलं की तो १ नंबरचा सेट तसाच होतो, त्यामुळे तिथली तक्रार असते की माझा सेट आपोआप बदलला. लावून झाला की शिफ्ट एल ने लॉक करा, मेनू बारमध्ये नंबरशेजारी ठिपका दिसतो. आणि ते प्रोजेक्टमध्येच राहतात, नवीन प्रोजेक्टमध्ये हवे असतील तर टेम्प्लेट करा किंवा इम्पोर्ट प्रोजेक्ट सेटिंग्जमधून स्क्रीनसेटची टिक लावून आणा. क्यूबेसमध्ये वर्कस्पेस ग्लोबल आणि प्रोजेक्ट असे दोन प्रकारचे असतात, चुकून प्रोजेक्टवाला केला असेल तर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये सापडणार नाही, आणि बदल केल्यावर अपडेट वर्कस्पेस दाबावं लागतं. प्रो टूल्समध्ये विंडो कॉन्फिगरेशन सेशनमध्ये राहतात, आपोआप बदलत असतील तर ऑटो-अपडेट अ‍ॅक्टिव्ह कॉन्फिगरेशन बंद करा, दुसऱ्या सेशनमधून इम्पोर्ट सेशन डेटाने आणता येतात. एफएल स्टुडिओमध्ये व्ह्यू मेनूत अरेंज विंडोजखाली आत्ताची मांडणी नाव देऊन सेव्ह करता येते, आणि सगळं विस्कटलं तर कंट्रोल शिफ्ट एच ने मूळ मांडणी येते.

एवढं सगळं करूनही रीपरमध्ये सुटलं नाही तर एक चाचणी करा. एका रिकाम्या फोल्डरमध्ये, डॉक्युमेंट्स सोडून दुसरीकडे कुठेतरी, मुद्दाम नवं पोर्टेबल रीपर टाका, त्यात एकही एक्स्टेन्शन, थीम, स्क्रिप्ट न टाकता एकच विंडो सेट बनवा, बंद करा, उघडा, लोड करा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या जुन्या सेटिंगमध्ये आहे, मग रीपर बंद करून जुनी स्क्रीनसेट्सची फाइल बाजूला काढा आणि सेट नव्याने बनवा, बाकी काही जाणार नाही. तिथेही विस्कटलं तर मॉनिटर, स्केलिंग किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांच्या मागे लागा. मदत मागताना रीपरचं व्हर्जन, विंडोज की मॅक, मॉनिटर किती आणि स्केलिंग किती, आणि ऑटो सेव्ह चालू का बंद एवढं लिहा, नुसतं लेआउट सेव्ह होत नाही लिहिलंत तर पहिली दहा उत्तरं परत इन्स्टॉल करा अशीच येणार.